मॅगला हवा लागली

वैष्णवी सुट्टीला शिरड शहापूरला आली खरी, पण जेव्हा बघावं तेव्हा गच्चीवर फोनला चिकटलेली. पुण्यात ती बॅटरीवर संशोधन करते, एवढंच तिच्या वडिलांना, उकंडरावांना, ठाऊक होतं. तुरीचं पोतं घेऊन गच्चीवर निघालेले उकंडराव तिचा आवाज ऐकून जिन्यातच थबकले.

"मॅग भडकत नाही, तेच मला आवडतं," लेक फोनवर सांगत होती. "पण जरा हवा लागली की अंगावर थर चढतो आणि काम बंद. मी काही त्याला सोडणार नाही. लेप लावून बघते."

पोतं तसंच खांद्यावर घेऊन ते खाली आले. "पोरगी कोन्या तरी मगनच्या नादी लागली," ते बायकोला म्हणाले. "कामधंदा करत न्हाई. अंगावर थर चढलाय म्हने."

"लठ्ठ असंल," शालूबाई म्हणाल्या.

"मंग ही लेप काहून लावून राहिली त्याला?"

 मगन नावाचा एक माणूस शालूबाईंना माहीत होता. औंढ्याला देवळाजवळ त्याचं हारफुलांचं दुकान होतं, आणि परवाच वैष्णवी औंढ्याहून उशिरा आली होती.

उकंडरावांनी लगेच मोटारसायकल काढली. दुकानात मगन बसलेला. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, आणि मानेवर पांढऱ्या मलमाचा जाड लेप. उकंडरावांना आणखी पुरावा नको होता.

"माझ्या पोरीचा नाद सोडा," ते वाकून हळूच म्हणाले.

पण हार ओवत बसलेल्या सत्यशीलाबाईंचे, म्हणजे मगनच्या बायकोचे, कान तिखट होते. त्यांनी सुई खाली ठेवली. "कोनाची पोरगी?"

"अगं, मला गजकर्ण झालंय," मगन काकुळतीला आला. "तू तरी जवळ बसून राहिली का, मंग दुसरी कोन बसंल?"

सत्यशीलाबाईंनी दुकान बंद केलं, नवऱ्याला रिक्षात घातलं आणि उकंडरावांच्या मागोमाग थेट शिरड गाठलं. अंगणात वैष्णवीला बोलावणं गेलं. सगळं ऐकून ती आत गेली आणि एक बंद काचेची बाटली घेऊन आली. आत चांदीसारखी चकचकीत पट्टी होती.

"हा मॅग. मॅग्नेशियम. धातू हाय, आबा. याची परत परत चार्ज होनारी बॅटरी करायची हाय, आताच्या बॅटरीसारखी सहज न भडकनारी. हवा लागली की याच्यावर थर बसतो, मंग तो थर आतबाहेर काही जाऊ देत न्हाई. म्हनून दुसऱ्या धातूचा पातळ लेप."

सत्यशीलाबाईंनी बाटली उन्हात धरून बघितली. "लेपानं गुण येतो का?"

"थोडा येतो, काकू. मंग परत पहिल्यासारखंच."

"यांचंबी तसंच हाय," नवऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या.

चहा घेऊन पाहुणे गेले. 

"आन् फोनवर कोन असतं?" उकंडरावांनी नरमाईनं विचारलं.

"सोमेश्वर. माझ्यासंगं काम करतो. इकडं येऊ का म्हनून विचारत होता."

"मॅगचंच काम ना?"

"व्हय."

"मंग येऊ दे की. चांगला आठ दिस राहू दे," उकंडराव मोकळ्या मनानं म्हणाले. "गच्चीवर बसा दोघं. कोनी तकलीफ देनार न्हाई."

शालूबाई लेकीचा चेहरा बघत होत्या. "खायला काय आवडतं त्याला?" त्यांनी सहज विचारलं.

"शेंगदाण्याची आमटी," वैष्णवी म्हणाली. "गूळ घालून. आन् भाकरी जरा कडक."