कुलूप पक्कं, गाडी बोलकी

सिद्धेशने नोकरी बदलायचं ठरवल्यापासून त्याच्या घरात कोथिंबीरसुद्धा गुप्त झाली होती. त्याने फोनवर एक कडेकोट ॲप घेतलं होतं. पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्या कुणाला त्यातला मेसेज वाचता येत नसे, आणि वाचून झाला की तो आपोआप पुसला जाई. बायकोलाही त्याने त्याच ॲपवर ओढलं. त्यामुळे आसावरीने काय आणायला सांगितलं ते दुकानात पोचेपर्यंत पुसलेलं असे, आणि सिद्धेश नुसते बटाटे घेऊन परत येई.

"अरे, आपली कोथिंबीर कोण हॅक करणारे?"

"तुला कळत नाही. शंतनूदादांच्या कानावर गेलं तर संपलो आपण."

हे मात्र खरं होतं. शंतनू त्याचा मॅनेजर. अमेरिकेत चँडलरच्या त्यांच्या चिप कंपनीत माणसं कमी करायचं घाटत होतं आणि टीममधलं कोण जाणार ते शंतनू सांगणार होता. सिद्धेशचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की देशही सुटणार. म्हणून कृष्णा नावाच्या रिक्रूटरशी त्याचं ॲपवर गुपचूप बोलणं चाललं होतं. "जागा एकच आहे आणि तुझ्याआधी एक जण आहे," कृष्णा म्हणाला होता. "थांब जरा."

एवढा सावध माणूस रोज त्याच शंतनूला शेजारी बसवून ऑफिसला जाई. गाडीत दोघं असले की फ्रीवेवर कारपूलची लेन मिळते, आणि त्या लेनसाठी आपला माणूस वैऱ्यालाही लिफ्ट देईल.

त्या सकाळी गाडी लेनमध्ये शिरली आणि डॅशबोर्डमधली बाई खणखणीत इंग्रजीत बोलू लागली. "कृष्णाचा मेसेज. मंगळवारी दहाचा इंटरव्ह्यू नक्की. सध्याच्या कंपनीत कुणाला कळू देऊ नका."

सिद्धेशने शेजारी चोरून पाहिलं. नंबर लागला होता, आणि तो मॅनेजरच्या समोर लागला होता. शंतनू ताठ बसून खिडकीबाहेर बघत होता.

"बंद कर ना ते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हो हो, करतो." सिद्धेशने घाईने स्क्रीनवर बोट मारलं. तिथे आयती उत्तरं तयार होती.

"'सॉरी, जमणार नाही' हे उत्तर पाठवलं आहे," बाई म्हणाली.

शंतनूच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. सिद्धेशला तो रागाचा वाटला. तेवढ्यात कृष्णाचं उत्तरही आलं. "हरकत नाही, पुढच्याला विचारतो." सिद्धेशने स्क्रीनच बंद करून टाकली, आणि त्याचा धीर सुटला.

"दादा, खोटं नाही बोलत. इंटरव्ह्यू माझाच होता. आता तोही गेला. प्लीज मला काढू नका, लेकीची, इशिताची शाळा आहे."

शंतनूने सावकाश मान वळवली. "तुझा कसा? शनिवारी मी तुझी गाडी नेली होती ना, एअरपोर्टला? तेव्हा माझा फोन कनेक्ट केला होता. मेसेज मला आलाय."

"तुम्हाला?"

"मलाही काढतायत, सिद्धेश." त्याने पुढच्या पाटीकडे बोट दाखवलं. "पुढच्या एक्झिटला बाहेर घे. फोन डिकीत आहे, बॅगेत. कृष्णाला सांगतो, उत्तर चुकून गेलं म्हणून."

"घेतो ना, दादा."

इतक्यात होल्डरमधला सिद्धेशचा फोन उजळला. ॲप कडेकोट होतं, पण होल्डर दोघांच्या मधोमध होता. 'मंगळवारी दहाची वेळ रिकामी झालीय. येणार का?' सिद्धेशने झटकन फोन उलटा केला. एक्झिट जवळ आला, शेजारून गेला, मागे पडला. गाडी आपल्या लेनमध्येच राहिली.

"एक्झिट गेला," शंतनू म्हणाला.

"कारपूलमधून एकदम निघता येत नाही ना."

"आणि मेसेज कुणाचा होता?"

"आसावरीचा. कोथिंबीर आण म्हणते."

शंतनूने उलट्या फोनकडे पाहिलं. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "मंगळवारी दहाला कोथिंबीर आणायची तर सुट्टी लागेल तुला. अर्ज टाक. माझ्याकडेच येईल तो."

सिद्धेशने पुढच्या एक्झिटसाठी उजवीकडचा इंडिकेटर लावला.