अकरा रुपये पन्नास पैशांचा टीव्ही

दिनांक १० फेब्रुवारी १९७४, रविवार. रक्कम अकरा रुपये पन्नास पैसे. हजर : अकरा घरांतली अठरा मोठी माणसं, एका जागी न बसल्यामुळे मोजता न आलेली मुलं, आणि दूध घालायला आलेला राणबा. या दिवशी सावेडीच्या आमच्या छोट्या वसाहतीने एकमताने ठरवलं, की टीव्ही घ्यायचा नाही. त्याऐवजी दर शनिवारी सोनटक्क्यांना पुण्याला पाठवायचं. त्यांनी तिथे टीव्ही पाहायचा आणि रविवारी संध्याकाळी येऊन आम्हाला सांगायचा.

हसू नका. हिशेब मी केला होता. मी नागापूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे आणि वसाहतीचा खजिनदारही आहे. टीव्ही दोन हजार आठशे, खांब आणि अँटेना सहाशे, लायसन पन्नास. एकूण तीन हजार चारशे पन्नास, म्हणजे घरटी तीनशे तेरा रुपये चौसष्ट पैसे. शिवाय पुण्याचं चित्र नगरला दिसेलच, अशी लेखी हमी द्यायला दुकानदार तयार नव्हता. उलट सोनटक्क्यांचं एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं दहा ऐंशी आणि चहा सत्तर पैसे. घरटी फक्त एक रुपया पाच पैसे. त्यातही आठवड्याला पाच पैसे उरत होते.

"म्हणजे एका टीव्हीच्या पैशात सोनटक्के तीनशे आठवडे चालतील," मी म्हणालो.

"आणि त्यांना खांब लागत नाही," गुगळेशेठ म्हणाले. त्यांचं कापडबाजारात दुकान आहे, त्यामुळे त्यांना किंमत लगेच कळते.

पुण्यात कुणाचं घर आहे का, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी सोनटक्क्यांकडेच पाहिलं. नारायण पेठेत त्यांची थोरली बहीण राहते आणि ते दर शनिवारी तिच्याकडे जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "ताईकडे टीव्ही आला असेल ना?" मी विचारलं. सोनटक्के जरा थांबून म्हणाले, "आहे की." ठरावात मी एक कलम घातलं : सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं तेवढंच सांगावं, तसं न आढळल्यास रक्कम बंद. पैसा लोकांचा होता. कलम हवंच.

यशवंत सोनटक्के मोजणी खात्यात नकाशे काढतात. वय पन्नास, लग्न केलेलं नाही. अंगाने इतके बारीक, की दोरीवर वाळत घातलेला त्यांचा शर्ट त्यांच्यापेक्षा भरलेला दिसतो. जगातल्या प्रत्येक गोष्टीला शंभरापैकी गुण देण्याची त्यांना सवय आहे. सुरुवात ठरलेली : "माझं स्पष्ट मत आहे." माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेला त्यांनी एकावन्न दिले होते. आमच्या घरच्या मटकीच्या उसळीला बासष्ट दिले, तेव्हा माझ्या बायकोने महिनाभर मटकी भिजत घातली नाही.

रविवारी साडेसहाला त्यांच्या पुढच्या खोलीची खिडकी हा आमचा टीव्ही असे. आम्ही अंगणात सतरंज्या टाकून बसायचो. खिडकीची दारं बंद. साडेसहाच्या ठोक्याला ती आतून उघडायची आणि चौकटीत छातीपासून वर सोनटक्के दिसायचे. पांढरा शर्ट, काळी टोपी. टीव्ही रंगीत नसतो, म्हणून रविवारी त्यांनी दुसरा रंग कधी अंगाला लावला नाही. मग मान किंचित कलती करून, एखाद्या बाईसारखं गोड हसून म्हणायचे, "नमस्कार."

मध्ये खोकला आला, तर ते खिडकीत एक पाटी उभी करायचे. पाटीवर खडूने लिहिलेलं : 'व्यत्यय'. मग आत जाऊन पाणी प्यायचे. आम्ही सगळे ती पाटी निमूट बघत बसायचो. एकदा पाटी सात मिनिटं होती. कुणी उठलं नाही.

"आवाज येत नाही हो!" मागून गुगळेशेठ ओरडायचे. मग एखादी पोर धावत जाऊन खिडकीचा आकडा पिळायची, आणि सोनटक्क्यांचा आवाज त्या प्रमाणात वाढायचा. फार पिळला, तर ते खरोखरच किंचाळायचे. मुलांना उलट्या बाजूला पिळायलाही आवडायचं. तेव्हा त्यांचे नुसते ओठ हलत.

नाटिका असली, की बाप, मुलगी, सासू, पोस्टमन, सगळे तेच. संवाद असे, की माझी बायको दोनदा रडली. आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर स्पष्ट मत.

"बातम्यावाला खाली बघून वाचतो. पाठ करायला काय होतं? एकतीस."

"नायिकेने पदर लावला उजव्या डोळ्याला, पाणी होतं डाव्यात. चव्वेचाळीस."

"गायकाला काही म्हणायचं नाही. पण तबलजीने जांभई दिली. दोन वेळा. मी मोजली. अडतीस."

"शेतीच्या कार्यक्रमातल्या शेतकऱ्याच्या धोतराला इस्त्री होती. माझं स्पष्ट मत आहे, हा माणूस शेतकरी नाही. बारा."

"बाराबी लई झालं," राणबा कुंपणाजवळून म्हणायचा. शेतीचा कार्यक्रम खास त्याच्यासाठी असे. तो जवळच्या मळ्यातून सायकलवरून दूध आणतो. पण रविवारी संध्याकाळी रिकाम्या किटल्या घेऊनही यायचा.

शेवटी सोनटक्के एक पितळी डबा बाहेर आणायचे. "ताईने दिलेत." बेसनाचे लाडू. प्रत्येक मुलाला एक. आपल्या घराचा रुपया पाच पैसेही ते दर आठवड्याला भरायचे. मी म्हणालो होतो, तुम्हाला माफ. ते म्हणाले, "मीही बघतोच की."

असे वीस रविवार गेले. दोनशे तीस रुपये खर्च झाले आणि एक रुपया शिल्लक राहिला.

शनिवार, ६ जुलैला कारखान्याने मला काही सामानाचे भाव काढायला पुण्याला पाठवलं. बायकोने एक निळा खण दिला. म्हणाली, "आपला माणूस दर आठवड्याला त्या बाईंच्या घरी जेवतो. हा ताईंना द्या आणि भेटून या." मी सकाळच्या गाडीने गेलो, कामं उरकली आणि पावणेसातच्या सुमाराला लक्ष्मी रस्त्याने नारायण पेठेकडे निघालो. वाटेत विजेच्या सामानाच्या एका दुकानापुढे गर्दी होती. पस्तीस-चाळीस माणसं. हमाल, शाळकरी पोरं, बांगड्यांची पेटी डोक्यावरून न उतरवता उभी राहिलेली एक बाई. आणि गर्दीच्या पुढून ओळखीचा आवाज आला :

"बाबा, माझं स्पष्ट मत आहे. मला हे लग्न मान्य नाही!"

काचेमागे टीव्ही चालू होता. पडद्यावर एक मुलगी बोलत होती. म्हणजे तिचे ओठ हलत होते. आवाज काचेच्या आत राहत होता. बाहेर जो येत होता, तो सोनटक्क्यांचा.

"मंग म्हातारा काय म्हंतो?" एका हमालाने विचारलं. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि सोनटक्क्यांनी त्याच्या घशात जाड आवाज घातला. म्हातारा खोकला, तर सोनटक्केही खोकले. बांगड्यांवाली पेटी सावरत हसली.

मी मागे उभा राहिलो. आकड्यांचा माणूस म्हणवतो मी स्वतःला. पदर, जांभई, इस्त्री. वीस आठवडे त्यांची सगळी मतं डोळ्यांची होती, कानाचं एकही नव्हतं, आणि मी ते कधी मोजलं नव्हतं.

आठ वाजता दुकानदाराने पडदा ओढला. "शेवट काय झाला, काका?" एका पोराने विचारलं.

"लग्न मोडलं. मुलगी खूश आहे," सोनटक्के म्हणाले आणि चालू लागले. चार दुकानं पुढे एका मिठाईवाल्याकडून त्यांनी अर्धा किलो बेसनाचे लाडू घेतले, पिशवीतून पितळी डबा काढला आणि एकेक लाडू त्यात लावू लागले. तेव्हा त्यांना मी दिसलो.

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. मी मुद्द्याचंच विचारलं. "ताई कशा आहेत?"

"ताई जाऊन दोन वर्षं होतील. मेहुणे मुलाकडे नागपूरला गेले."

"मग शनिवारी येत होता ते?"

"अठरा वर्षं येत होतो. शनिवारी ऑफिस सुटलं, की पाय स्टँडकडेच वळतात. इथे येऊन नुसता हिंडायचो. मग हे टीव्हीचं दुकान दिसलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, पुण्यात कुणाचं घर आहे का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी माणसं एकदम माझ्याकडे कधी बघत नाहीत हो. नाही म्हणवेना."

"आठनंतरचे कार्यक्रम?"

"ते स्टँडवर बसून रचतो. तिथेच झोपतो. बाकडी बरी आहेत. पंचावन्न."

मी खिशातून निळा खण काढला. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांच्या हातात दिला. "आमच्या घरून. ताईंसाठी." त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि घडीवरून हात फिरवला. मी वाट पाहिली, पण त्यांनी गुण दिले नाहीत.

"उद्या सांगणार ना तुम्ही?" ते म्हणाले. "सांगायलाच हवं. ठरावात कलम आहे."

"आहे," मी म्हणालो.

घरी बायकोने विचारलं, "ताईंना दिलात का खण?" मी म्हणालो, "पोचता केला." रात्रभर हिशेब करत होतो. लोकांचे पैसे त्यांनी टीव्ही ऐकण्यासाठी घेतले होते आणि ऐकला एकही शब्द नव्हता. कलमाप्रमाणे रक्कम बंद. रक्कम बंद केली, तर घरटी रुपया पाच पैसे वाचत होते. पण रविवारी साडेसहा वाजता ती खिडकी बंद राहिली, तर ते कोणत्या खात्यात लिहायचं, हे मला ठरवता येईना.

रविवार, ७ जुलै. साडेसहाला खिडकी उघडली. पांढरा शर्ट, काळी टोपी. सोनटक्क्यांनी मान कलती केली, पण "नमस्कार" नेहमीसारखा झाला नाही. पहिल्या रांगेत मी बसलो होतो आणि ते माझ्याकडेच बघत होते. मुलगी आणि बापाची नाटिका सुरू झाली. "बाबा," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बाबा." आवाज खाली खाली गेला. मग पाटी शोधायला त्यांचा हात खिडकीखाली गेला.

"आवाज!" मागून गुगळेशेठ ओरडले. "अहो, पैसे भरलेत आम्ही!"

एक पोरगी उठायला लागली. मी तिला बसवलं आणि स्वतः उठलो. वीस रविवारांत मी त्या खेळात कधी भाग घेतला नव्हता. खिडकीपाशी गेलो, आकडा धरला आणि सोनटक्क्यांकडे बघत चांगला दोन वेळा पिळला.

"बाबा!" असा आवाज निघाला, की कुंपणावरचे कावळे उडाले. "माझं स्पष्ट मत आहे! मला हे लग्न मान्य नाही!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती नाटिका दुकानात मी पाहिली होती त्यापेक्षा दुप्पट लांब झाली, आणि म्हातारा शेवटी मुलीची माफी मागून स्वतःच्या हाताने चहा करतो, असा शेवट झाला. माझी बायको तिसऱ्यांदा रडली.

लाडू वाटले गेल्यावर राणबा सायकल ढकलत माझ्याबरोबर चालला होता. मी सहज विचारलं, "राणबा, शेतीचा कार्यक्रम कसा वाटतो? उपयोग होतो का?"

"काय सांगू, सायेब? कांद्याला साखरंचं पानी पाजा म्हनले मागल्या बारीला. आसं कुठला टीव्ही सांगंल व्हय?"

"मग तू कधी बोलला नाहीस ते?"

"बोलून काय करू? रैवारी मंग कुटं जाऊ?" तो हसला. "लई ग्वाड बोलतंय मानूस."

त्याच आठवड्यात मी सभा घेतली. 'पाहिलेलं आणि ऐकलेलं' हे कलम काढून टाकावं, असं सुचवलं. गुगळेशेठांनी भुवया उंचावल्या. "खजिनदार, तुम्ही कलम काढता? का?"

"माझं स्पष्ट मत आहे," मी म्हणालो. कुणी पुढे विचारलं नाही. सोनटक्के भिंतीकडे बघत टोपी नीट करत होते.

वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे. खातं : प्रवासखर्च, बंद. नवं खातं : मानधन. आतापर्यंतची शिल्लक, पाच पैशांप्रमाणे एकवीस आठवड्यांची, एक रुपया पाच पैसे, लाडूंच्या खर्चापोटी. पुढच्या आठवड्याचे अकरा रुपये पन्नास पैसे. एकूण दिले बारा रुपये पंचावन्न पैसे. घेणार : श्री. यशवंत सोनटक्के, कलाकार.