भिंत गार पडली

दिगंबरची सायकल चोरीला गेली तेव्हा तो तक्रार द्यायला चौकीत गेला, आणि संशयित म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. हवालदाराने त्याला दारात पाहिलं आणि आधी बाकावर बसवलं.

"कुठे विकलीस?"

"विकली नाही साहेब. गेली."

"कुणाची?"

"माझीच."

"सगळे असंच म्हणतात," हवालदार म्हणाला.

शेवटी आमचे हे ड्यूटीवरून सुटल्यावर चौकीत गेले. हा कंपनीत कामाला आहे, आमच्या शेजारी राहतो, सायकल त्याचीच होती, असं सगळं सांगितलं तेव्हा कुठे त्याला सोडलं. परत येताना ह्यांनाच राग आला होता. दिगंबर म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे हो. त्यांनी तरी कशावरून ओळखायचं?"

"त्यांचं बरोबर आहे" हे त्याचं नेहमीचं. कुणी काहीही बोललं तरी आधी तो समोरच्याचं बरोबर आहे म्हणायचा, आणि मग स्वतःला हवं तेच करायचा.

आकुर्डीजवळ आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत राहायचो. ओळीच्या टोकाला घरमालक तात्या, मधे दिगंबर, मग आम्ही. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दिगंबर मला वहिनी म्हणायचा आणि मी मान हलवायची, एवढंच आमचं बोलणं. पण भिंतीला भिंत असली की न बोलताही माणूस कळतो.

त्याचे केस खांद्याच्या खाली यायचे. अंगात काळा बनियन, त्यावर दात विचकणारी पांढरी कवटी. मनगटात चामड्याचा पट्टा, त्याला कंपनीतल्या भंगारातले रिव्हेट स्वतःच्या हाताने ठोकलेले. तो बनियन दोरीवर वाळत घातला की शेजारच्या बायका आपले कपडे लांब सरकवायच्या. सगळ्यांना खात्री होती की हा गांजा ओढतो. खरं म्हणजे तो चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा आणि पाल दिसली की खोलीबाहेर येऊन उभा राहायचा.

हे सगळं त्याच्या गाण्यांमुळे. त्याच्या मित्राचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, तो कॅसेटी आणायचा. पहिल्यांदा त्या वाजल्या तेव्हा मला वाटलं, पत्र्यावर कुणीतरी भांड्यांची गोणी ओतली. ह्यांनी त्याला विचारलं, हे आहे तरी काय. तो म्हणाला, "हेवी मेटल."

"अरे, तेच मी दिवसभर शॉपमध्ये ऐकतो," हे म्हणाले, "पण तिथे मला पगार मिळतो."

"तुमचं बरोबर आहे," दिगंबर म्हणाला, आणि त्याने आवाज थोडा कमी केला. हे आत आल्यावर परत वाढवला.

भाजी घेऊन मोशीहून एक म्हातारी यायची. तिने त्याचे केस बघितले आणि पाटी खाली ठेवून हात जोडले. "कुठल्या देवीचं हाय रं बाबा?" तिला वाटलं, नवसाचे केस आहेत. दिगंबर काही बोलायच्या आत तिने त्याच्या हातात चार वांगी ठेवली. पैसे घेईना. तो वांगी घेऊन आमच्या दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, ही तुम्ही घ्या. देवीची आहेत, मला खाववणार नाहीत." पुढे दर मंगळवारी म्हातारी त्याला नमस्कार करायची, आणि तो बिचारा तिची चाहूल लागली की मोरीत लपायचा.

त्याला खरं नाव ठेवलं ते तात्यांनी. पोतराज. त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली होती, त्यातून त्यांनी या खोल्या बांधल्या. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कानाने ठार बहिरे, त्यामुळे बोलायचे ते सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं. सकाळी दिगंबर निघाला की खाटेवरून ओरडायचे, "ए पोतराज, निघाला का आसूड घेऊन?" तो डबा वर करून दाखवायचा.

ओळीतल्या माणसांनी तात्यांकडे तक्रार केली, या माणसाला खोलीतून काढा. तात्यांना ती हातवारे करून दोनदा सांगावी लागली. तात्या म्हणाले, "बघतो त्याच्याकडं." आणि खरोखर, संध्याकाळी टेप सुरू झाला की थोड्या वेळाने तात्यांची काठी भिंतीवर धाडधाड वाजायची. आवाज बंद झालेला असायचा. सगळ्यांना बरं वाटायचं. मग परत सुरू व्हायचा. "निर्ढावलेला आहे," सगळे म्हणायचे.

एका रविवारी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. टेप थांबला, काठी वाजली, पण या वेळी टेप लगेच सुरू झाला नाही. दिगंबर कॅसेटमधली गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळत बाहेर आला. तिकडून तात्या ओरडले, "आरं, भिंत गार पडली. दुसरी बाजू लाव की."

मी मान वर केली. तात्यांनी मला पाहिलं. खाट भिंतीला चिकटवलेली, पाठ भिंतीला टेकलेली. "पोरी, मला कायबी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "भजन न्हाई, रेडू न्हाई, कंपनीचा भोंगा न्हाई. ह्या पोतराजाचं तेवढं पाठीला कळतं. खाट बी हालती." आणि मग दटावून, "कुनाला सांगू नगस. मालकाचा वचक ऱ्हात न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दिगंबरचा टेप कायम तात्यांच्या भिंतीकडे तोंड करून का असतो. मी कुणाला सांगितलं नाही. मी तशीही कुणाला काही सांगत नाही.

त्याच सुमारास त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी त्याला आवडली होती. बघायच्या कार्यक्रमात सगळे गप्प असताना तिनेच विचारलं होतं, "केसांना तेल कोणतं लावता?" हे दिगंबरने ह्यांना तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तो लाजला. पण मुलीचे मामा इथे आले, त्यांनी खोली बघितली, बनियन बघितला, आणि म्हणाले, "केस कापा. मुलगी दिली समजा."

"तुमचं बरोबर आहे," दिगंबर म्हणाला.

मामा खूश होऊन गेले. रविवार आला, दिगंबरने शिकेकाई उकळली आणि डोक्यावरून अंघोळ केली. गावाहून त्याची आई आली, रडली, दोन दिवस जेवली नाही. तिला तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे आई. पण केस कापून मी त्यांना आवडलो, तर आवडलेला तो माणूस कोण?" आईला ते कळलं नाही. तात्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्यांनी त्याला भाकरी आणि पिठलं पाठवलं. मुलीकडून पुढे निरोप आला नाही.

थंडीत एक दिवस तो पहिली शिफ्ट करून दुपारी आला. टेप लावला. मी भाकरी थापत होते. एक बाजू संपली. मी काठीची वाट बघत होते, मला तशी सवयच झाली होती. काठी वाजली नाही. दिगंबरही बसून राहिला असावा. मग त्याचं दार वाजलं, मग तात्यांचं. मग त्याने ह्यांना हाक मारली, आणि ती हाक ऐकूनच मी तवा उतरवला.

झोपेतच गेले होते. पाठ भिंतीलाच होती.

दहाव्याला इंद्रायणीवर भाऊकी जमली. पुतण्याने अग्नी दिला होता, त्याने केस दिले. बाकी तरुण पोरांचे केस तेव्हाच्या फॅशनचे, कानावर आलेले. एकाची फॅक्टरीत मुलाखत होती, एकाला सर्दी होती. न्हावी वस्तरा पुसायला लागला, तेवढ्यात दिगंबर त्याच्यासमोर येऊन बसला.

"तुम्ही कोण त्यांचे?" न्हाव्याने विचारलं.

"भाडेकरू," दिगंबर म्हणाला, आणि मान खाली घातली.

हे मला ह्यांनी सांगितलं. सांगताना ते मधेच उठून पाणी प्यायला गेले.

त्यानंतर दिगंबर फार चांगला माणूस झाला. बायका म्हणायला लागल्या, किती सोज्वळ चेहरा आहे. चौकीवरून जाताना हवालदाराने त्याला ओळखलं नाही, "अहो, वाजले किती?" असं विचारलं. भाजीवाली म्हातारी हरखली. "फिटला व्हय नवस?" तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे."

आणि मामा आले. त्यांना कुठून तरी कळलं होतं. बाहेरूनच म्हणाले, "शहाणे झालात. आता मुहूर्त काढू."

दिगंबरने त्यांना आत बसवलं, चहा दिला. मला भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे मामा. पण हे केस तात्यांना दिलेत. ते परत येतील, तसेच वाढतील. तेव्हा मुलीला आणा आणि तिलाच विचारा." मामांनी कप ठेवल्याचा आवाज आला. "कळवतो," म्हणाले आणि गेले.

टेप मात्र वाजेना. ओळीतले लोक म्हणाले, बरं झालं, सुधारला. संध्याकाळी तो यायचा, स्टोव्ह पेटवायचा, बाकी काही नाही. पलीकडे तात्यांच्या खोलीला कुलूप. एवढी शांतता असूनही आमच्या ह्यांना झोप लागेना. मला तर काय करावं तेच कळेना. जाऊन दोन शब्द बोलावेत असं रोज वाटायचं आणि रोज मी उंबऱ्यातून परत फिरायची.

एका संध्याकाळी पोळ्या लाटताना मी हात थांबवला. हे घरात नव्हते. मी लाटणं उचललं आणि भिंतीवर धाडधाड मारलं, तात्या मारायचे तसं. पत्र्यावरची धूळ पोळपाटावर पडली.

पलीकडे स्टोव्ह बंद झाल्याचं ऐकू आलं. मग काही ओढल्याचा आवाज आला. तो टेप आमच्या भिंतीकडे फिरवत असावा. मी पिठाचा हात पदराला पुसला आणि पाठ भिंतीला टेकून बसले.