गोगटे सर आणि वरच्या मजल्यावरची खोली

गोगटे सरांना वास्तुशांतीला बोलावू नये. मी बोलावलं. खराडीतला नवा फ्लॅट, पश्चिमेला भिंतभर काच. सरांनी जिलबी संपवली, काचेवर हात टेकवला आणि म्हणाले, "फ्लॅट उत्तम आहे. मे महिन्यात कुठे राहणार?"

वारज्याकडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर इमारतींची वीजबचत शिकवतात, तीही सॉफ्टवेअरवर. संगणकात इमारत उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन पाडायचं आणि वीज किती लागते ते बघायचं. ही प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजची शान! खिडक्या कायमच्या बंद, दिवे दिवसाढवळ्या चालू आणि एसी इतका गार, की मुलं स्वेटर घालून उन्हाळ्याचा अभ्यास करतात.

एकाने वीज वाचवायला भिंत दहा फूट जाड केली. सर म्हणाले, "बिल छान उतरलं. आत माणसं ठेवणार आहात की लोणचं?"

यंदा एप्रिलमध्ये अमरावतीचा वैभव तासाला पेंगत होता.

"आपल्यासाठी अंथरूण मागवू का?" सरांनी विचारलं.

"सर, हॉस्टेलची वरची रूम लय तापते जी. रात्री झोपच नाही लागत."

"मला काय सांगता? मॉडेल करून दाखवा."

वैभवने आपली खोली संगणकात उभी केली. पहाटेपर्यंत तापमान उतरेना. सर काहीच टोचून बोलले नाहीत, तेव्हाच वर्ग घाबरला. मग त्यांनी छत पांढरं करून बघायला सांगितलं. खोली बरीच निवली. तो निकाल घेऊन सर प्राचार्यांकडे गेले.

"अहो गोगटे," प्राचार्य हसले, "सिम्युलेशन शिकवण्यापुरतं असतं. ते काय खरं करायचं असतं का?"

त्या रविवारी मी पेपर तपासायला कॉलेजात गेलो, तर हॉस्टेलच्या गच्चीवर पँट दुमडून, डोक्याला रुमाल बांधून सर चुना फासत होते.

"अहो सर, एखादा माणूस लावायचा!"

"लावलाय की. पीएच.डी. आहे. जरा हळू आहे इतकंच."

मीही बाह्या सरसावल्या. दुपारी गच्चीकडे बघवेना, इतकी ती पांढरी झाली.

"झालं की. आता घरी जाऊन पडा जरा," मी म्हणालो.

सरांनी ब्रश पुन्हा बादलीत बुडवला. "आमची ही गेल्यापासून घर बारा महिने गारच असतं हो," ते म्हणाले आणि दुसरा हात मारायला गच्चीच्या टोकाशी जाऊन बसले.