टेकलेला अंगठा

शनिवारी दुपारी दोन वाजता, वीस किलोच्या प्रमाण वजनाच्या पेटीची कडी उघडताना, मिलीग्रॅमरावांच्या उजव्या अंगठ्याचं नख तुटलं. त्यांनी तो तुकडा उचलून कागदाच्या पुडीत बांधला आणि पुढचं वजन तपासायला घेतलं. हे दुःख त्या कार्यशाळेत सांगण्याजोगं नव्हतं. दुकानांचे वजनकाटे तपासणाऱ्या चार माणसांना नखाचं काय कौतुक असणार? पण त्या तुकड्यामागे चार महिने होते. दर रविवारी मिलीग्रॅमराव ते नख कॅलिपरने मोजत. शेवटचं माप तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर भरलं होतं.

मिलीग्रॅमराव हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते कार्यशाळेतल्यांनी दिलं होतं, आणि बायको ते फक्त रागावली की वापरायची.

नख वाढवायचं कारण म्हणजे गिटार, आणि तीही फ्लामेंको, म्हणजे स्पेनमधल्या टाचा आपटत करायच्या नाचाची गिटार. बावन्नाव्या वर्षी त्यांनी एका बाईंकडे शिकायला सुरुवात केली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. फ्लामेंकोत अंगठा हा घरातला कर्ता माणूस. बाकीची बोटं कितीही नाचोत, गाडा ओढायचा अंगठ्याने. तो मनगटातून खाली सोडायचा, जाड तार वाजवायची आणि अधांतरी न राहता लगेच तिच्या खालच्या तारेवर टेकायचं. "ढकलू नका, पडू द्या," बाई म्हणत. "आणि पडला की बसू द्या." मिलीग्रॅमरावांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की टीव्ही पाहताना त्यांचा अंगठा सोफ्याच्या हातावर पडायचा नि बसायचा, आणि बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पिशवीवर.

बाई नाचाचा वर्गही घ्यायच्या. त्या वर्गाला साथ करणारा गिटारवाला गाव सोडून गेला होता आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी आज साडेपाचला दोघांना बोलावलं होतं. एक मिलीग्रॅमराव, दुसरा एक औषधविक्रेता. तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याची बोटं दिसायची नाहीत इतकी पळायची. मिलीग्रॅमरावांना ती खुर्ची किती हवी होती हे फक्त बायकोला ठाऊक होतं. जेवता जेवता ते एकदा म्हणाले होते, "तीन वर्षं मी भिंतीला ऐकवतोय. माझ्या वाजवण्यावर कुणीतरी पाऊल टाकलेलं एकदा बघायचंय." त्या दिवसापासून सरावाच्या वेळी बायको मिक्सर लावत नसे. बाईंनीही आठवडाभरासाठी स्वतःची जुनी गिटार वापरायला दिली होती.

तीन वाजता घरी पोचताच त्यांनी तुटलेल्या नखावरचा ठरलेला उपाय सुरू केला. टेबलटेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून कानशीने घासायचा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने नखाच्या जागी बसवायचा. गिटारवाले हे सर्रास करतात. तुकडा बसला, बरोबर तीन पूर्णांक दोन दशांश. ट्यूबवर लिहिलं होतं, साठ सेकंद हलवू नये. मिलीग्रॅमरावांनी समोर घड्याळ ठेवलं, मांडीवर गिटार घेतली आणि हात तारांच्या वर धरून ते थांबले.

चाळीस सेकंद निभावले. एक्केचाळिसाव्या सेकंदाला त्यांच्या मनात आलं, वजन तेवढं बघू या. अंगठा पडला. सहावी तार तीन वर्षांत वाजली नव्हती अशी वाजली. आणि मग शिस्तीप्रमाणे अंगठा खालच्या पाचव्या तारेवर टेकला, आणि बसला. बाईंच्या मनासारखा बसला. तो पुन्हा उठला नाही.

नखाच्या कडेने ओघळलेला गोंद अंगठ्याला आणि तारेला एकजीव करून मोकळा झाला होता. एक थेंब खाली लाकडावर पडला. तो पुसायला त्यांनी डावा अंगठा घातला, तर लाकडावर त्या अंगठ्याचा पांढरट, चकचकीत ठसा उमटला. रेषासुद्धा मोजता आल्या असत्या.

"अगं," मिलीग्रॅमरावांनी हाक मारली, "जरा येतेस का? घाई नाही. म्हणजे, आहे."

बायको आली. तिने अंगठा पाहिला, तार पाहिली, घड्याळ पाहिलं. खाली नखांचं पार्लर आहे, तिथून रिमूव्हर आणते, दोन थेंबांत सुटेल, असं तिने सुचवलं. मिलीग्रॅमरावांनी समजावलं की गोंद ज्यात विरघळतो त्यात रोगणही विरघळतं, आणि गिटार बाईंची आहे.

"मग बाईंना परत करून या," बायको म्हणाली. "तुमच्यासकट."

शेवटी ठरलं की आधी तार गिटारीपासून सोडवायची आणि मग अंगठा तारेपासून. मिलीग्रॅमरावांच्या डाव्या अंगठ्यालाही गोंद लागला होता, तो खुंटीला चिकटू नये म्हणून ते काम बायकोकडे आलं. त्यांनी पाचव्या तारेची खुंटी दाखवली आणि डावीकडे फिरवायला सांगितलं.

"माझ्या डावीकडे की गिटारीच्या?"

प्रश्न बिनचूक होता, आणि बिनचूक प्रश्नाला घाईने उत्तर देणं मिलीग्रॅमरावांच्या स्वभावात नव्हतं. ते विचार करत असतानाच बायकोने खुंटी फिरवली. तार अंगठ्यासकट अर्धा सूर वर चढली. मिलीग्रॅमरावांच्या तोंडून जो आवाज निघाला, तोही साधारण त्याच सुरातला होता.

चार वाजता तार सुटली. आता अंगठ्यापासून हातभर तार लोंबत होती. ती मनगटाला गुंडाळून, हात रुमालाखाली झाकून ते जिना उतरले.

पार्लरमध्ये दोन बायका आधीच बसल्या होत्या. पार्लरवाल्या मुलीने त्यांना बघून काकू इथे आल्या नाहीत, असं सांगितलं. आपण काकूंना शोधत नसून आपलंच काम आहे, हे सांगताना मिलीग्रॅमरावांनी रुमाल बाजूला केला. दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपला नंबर त्यांना देऊन टाकला. पुढे काय होतं ते बघायला मात्र दोघीही थांबल्या.

मुलीने अंगठा वाटीत बुडवला. वीस मिनिटं लागतील, म्हणाली. त्या वीस मिनिटांत बायकांनी सगळी हकिकत काढून घेतली. त्यातल्या एकीने आपल्या नवऱ्याला कुठलाच नाद नाही, असं जरा हळहळून सांगितलं. तार सुटली, आणि तिच्याबरोबर चेंडूचा तुकडाही मऊ होऊन गळून पडला. मुलीने तो चिमट्याने उचलला.

"काका, हे कुणी बसवलं?"

"मी."

"कशाने घासलंत?"

"कानशीने."

मुलीने डोळे मिटून घेतले. धंद्याची विटंबना तिला सोसवली नसावी. नख आपण करून देतो, तारच काय पत्रा वाजवलात तरी तुटणार नाही, असं तिने सांगितलं आणि कृत्रिम नखं घडवायच्या पावडरीचे डबे काढले. तेव्हा कळलं की पारदर्शक पावडर सकाळीच संपली होती. उरला होता एकच रंग, डाळिंबी, चमकीसकट. घड्याळात पावणेपाच झाले होते. मिलीग्रॅमरावांनी अंगठा पुढे केला. मुलीने कॅलिपरशिवाय, नुसत्या नजरेने नख घडवलं. ते इतकं अचूक होतं की त्यांना मनातल्या मनात तिला नमस्कार करावासा वाटला. फक्त ते लांबूनसुद्धा लखलखत होतं.

तार चढवून, सूर लावून ते बाईंकडे पोचले तेव्हा साडेपाचला दोन मिनिटं कमी होती. मोठ्या खोलीत लाकडी फळ्यांच्या जमिनीवर आठ जणी टाचेचे बूट घालून उभ्या होत्या. आधी औषधविक्रेता बसला. तो सुंदर वाजवत होता आणि स्वतःच्या बोटांकडे बघत होता. ती बोटं बघण्यासारखीच होती. अर्ध्या वाटेत नाचणाऱ्या मागे पडल्या, एक तर थांबून केस बांधू लागली. ते त्याच्या लक्षात आलं नाही.

मग मिलीग्रॅमराव. त्यांनी गिटार शक्य तितकी आत वळवून धरली. एरवी तेही वाजवताना उजव्या अंगठ्यावरून नजर काढत नसत. तो किती खाली येतो, कुठे टेकतो, हे पारखत बसत. आज तिकडे बघवेना. एकदा नजर गेली, डाळिंबी चमकी लखकन दिसली आणि कानाच्या पाळ्या तापल्या. बघायचं तरी कुठे? समोर आरसा होता, त्यातही अंगठा. म्हणून त्यांनी नजर जमिनीवर टाकली. जमिनीवर पाय होते.

टाचा पडत होत्या. कोपऱ्यातल्या एकीची गिरकी जरा रेंगाळली, तेव्हा मिलीग्रॅमराव अंगठा वर धरून तिच्यासाठी थांबले. तिची टाच आली तसा अंगठाही आला आणि खालच्या तारेवर जाऊन बसला. पुढच्या वेळी ती थांबली नाही. मग सगळ्याच जणी त्या जाड तारेवर पाऊल टाकू लागल्या, आणि फळ्यांचा थरथराट मिलीग्रॅमरावांच्या खुर्चीतून त्यांच्या बरगड्यांपर्यंत आला. किती वेळ वाजवलं, ते त्यांनी मोजलं नाही.

संपल्यावर बाईंनी औषधविक्रेत्याकडे वळून त्याला महिनाभर बसून नुसतं नाच बघायला सांगितलं. मिलीग्रॅमरावांना म्हणाल्या, "मंगळवारपासून या. सहा वाजता. हातमोजे घालून यायची गरज नाही, रंग छान आहे."

नाचणाऱ्या हसल्या. मिलीग्रॅमरावांनी मात्र गिटार मांडीवरून उतरवली. काट्यात एका कणाची खोट असली तरी शिक्का मारायचा नाही, असं आयुष्यभर वागलेला माणूस. त्यांनी हात जोडून सांगितलं की खुर्ची घेण्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. मग नख, चेंडू, गोंद, खुंटी, सगळं सांगितलं आणि शेवटी लाकडावरचा ठसा. रोगण नव्याने लावून देईन म्हणाले, आणि खुर्ची औषधविक्रेत्याला दिलीत तरी माझं काही म्हणणं नाही.

बाईंनी गिटार हातात घेतली. खिडकीपाशी जाऊन ती उन्हात तिरकी धरली. समोरून न दिसणारं आता दिसू लागलं. तारांखालच्या लाकडावर एक, दोन, तीन, चार, पाच चकचकीत ठसे होते. काही फिके, काही पिवळे पडलेले, सगळे अंगठ्यांचे.

"हा कडेचा माझा, तोही गोंदाचाच," बाई म्हणाल्या. "यातला तुमचा कुठला?"

मिलीग्रॅमरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते वाकून शोधू लागले.