तिसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत, लोकांनी बायकांना ठेवलेल्या नावांचं काम कोशकाराकडे होतं. एका कार्डावर एक शब्द. तो कुठून आला आणि लोकांनी त्याचं काय केलं, हे खाली. माणूस स्वप्नाळू. शब्दामागे गेला की चहा निवायचा, चष्मा हरवायचा, आणि दोन्ही बायकोला निस्तरावं लागायचं.

त्या संध्याकाळी सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे बायकोची मावशी, जेवायला येणार होत्या. मागच्या खेपेला खिडकीजवळच्या खुर्चीवरून दोघींची चांगलीच जुंपली होती.

"प्रत्येकीच्या ताटापुढे नाव लिहून ठेवा," बायको म्हणाली. "कटकटच नको."

चष्मा नव्हताच. खिशातली कार्डं कोरी समजून त्याने ठळक अक्षरांत 'सासूबाई', 'मावशी', 'तू' असं लिहिलं आणि चहा घेऊन तो खिडकीपाशी उभा राहिला. बाहेर ऊन हळूहळू उतरत होतं. शब्दही असेच उतरत असतील, देव्हाऱ्यातून रस्त्यावर, कुणाला न कळता. त्याला उगाच वाईट वाटलं.

जेवताना मावशींनी वारा घ्यायला कार्ड उचललं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं.

"भवानी? मी?"

सासूबाईंनी आपलं उलटलं. "सटवी! जावईबापू, पोटातलं ओठांवर आलं शेवटी!"

"अहो, मुळात ती देवी! बाळाचं नशीब लिहिणारी. लोकांनी तिची शिवी केली."

"आणि तुम्ही त्या लोकांतले नाही वाटतं?"

"ती कार्डं द्या ना. उद्या छापखान्यात जायचीयत."

"म्हणजे छापून गावभर वाटणार!" मावशी उठल्या. "चल गं ताई." जन्मात पहिल्यांदाच बहिणींचं एकमत झालं होतं.

बायकोने तिचं कार्ड अजून उलटलं नव्हतं. त्यावर कुठला शब्द होता ते कोशकाराला आठवलं. आता हीसुद्धा आईबरोबर निघून गेली तर?

तिने वाचायला घेतलं. "महामाया. एक, देवी. दोन, कजाग बाई. तीन..." ती थांबली.

"वाच की," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"तीन, जिच्याशिवाय चष्मा सापडत नाही, आणि सापडला तरी बघावंसं काही उरत नाही."

बायको उठली, खिडकीतल्या थंड चहाच्या कपामागून चष्मा काढला आणि पदराने पुसून त्याच्या नाकावर ठेवला.

"छापा," ती म्हणाली.

सासूबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. त्यांनी आपलं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं, त्यावर मावशींचंही ठेवलं.

"आमच्या कार्डांवर दोन-दोनच अर्थ दिसतायत. चष्मा मिळाला ना? मग बसा लिहायला."