रामटेके काकांचं अंडं

आमच्या शेजारचे रामटेके काका दगड चाटतात. चारचौघांत, भर रस्त्यात. दगड उचलतात, पँटला पुसतात, जीभ लावतात, थोडं थांबतात आणि "नाही" म्हणून टाकून देतात. सिमेंट रोडसाठी आमची गल्ली खोदली होती, तेव्हा तर काका सकाळचा नाश्ता त्या ढिगाऱ्यावरच करत होते म्हणा ना! मी दुसरीकडे तोंड करून उभा राहायचो. शेजारी झाला म्हणून दर ठिकाणी ओळख दाखवलीच पाहिजे असं थोडंच आहे?

शेवटी एकदा विचारलंच, "काका, काहून चाटता हो?"

"जुनं हाड असलं तं जिभेले चिकटते गा. त्याले बारीक छिद्रं असतात. साधा गोटा नाही चिकटत. घे, तू पाह्य चाटून."

मी म्हटलं, माझा आज उपास आहे.

काकांनी तीस वर्षं बोअरची गाडी चालवली. काटोलकडे संत्र्याच्या किती बागांत त्यांनी बोअर मारले, त्याचा हिशेब नाही. दर दहा फुटांना निघालेल्या मातीची वेगळी ढेरी, म्हणजे लहानसा ढीग, लावायची, ही त्या कामाची रीत. बागेचा मालक पाणी कधी लागते ते बघत बसायचा आणि काका ढेऱ्या बघत बसायचे. "माती म्हंजे मांगचे दिवस गा," म्हणायचे. "जितकं खाली जाशीन तितकं जुनं."

त्यामुळे वेळेचं त्यांचं गणितच वेगळं. एकदा चार दिवस नळ आले नव्हते, सगळी गल्ली बोंबलत होती. काका दारात उभे राहून म्हणाले, "डायनासोर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाले, ते बी कालपरवाची गोष्ट आहे. तुमचे चार दिवस काय घेऊन बसले?" माझ्या बायकोने हातातली बादली अशी आपटली की तिला चीर गेली.

त्यांच्या शोकेसमध्ये लोक कप ठेवतात तिथे एक काळपट, लांबट दगड आहे. पाहुणा आला की काका तो त्याच्या हातात देतात, चहाचे दोन घोट होऊ देतात आणि मग सांगतात, "चंद्रपूरकडून आणला. डायनासोरचं शेण होय. अशाच शेणात गवत सापडलं म्हंते!" माझे पुण्याचे साडू त्या दिवशी हात धुवायला गेले ते वीस मिनिटं बाहेरच आले नाहीत.

सावजी मटण काका घाम पुसत पुसत खातात, पण कोंबडीला हात लावत नाहीत. कोंबडी डायनासोरच्या खानदानातली म्हणे. "ओळखीच्या घरचं कोनी खाते का गा?"

यावर काकू बोलतातच. "माह्या गोळ्यायचे नावं यायच्या ध्यानात राहत नाही, अन् त्या मेल्या जनावरायचे पाठ! सारं त्या पोट्टीपायी."

पोट्टी म्हणजे सलोनी, त्यांची नात. पाच वर्षांची होईपर्यंत ती इथेच होती आणि डायनासोरसाठी वेडी होती. तिचं चित्रांचं पुस्तक वाचता यावं म्हणून काकांनी त्या वयात इंग्रजी अक्षरं गिरवली. मग मुलाला कॅनडात नोकरी लागली. जायच्या दिवशी सलोनीने अंगणातला एक गोल दगड आजोबांच्या हातात ठेवला. म्हणाली, "आबा, हे अंडं आहे. मी येईपर्यंत उबवा."

तेव्हापासून दर रविवारी फोनवर तिच्यासाठी एक नवी माहिती. काका आठवडाभर शोधायचे, वहीत लिहायचे, आधी माझ्यावर तालीम करायचे. "स्टेगोसॉरस अन् टी-रेक्स कधी भेटलेच नाही गा! दोघांत आठ कोटी वर्षं. कार्टूनवाले खुशाल त्यायची कुस्ती लावतात." अलीकडे फोन लवकर संपायचा. "अभ्यास हाय तिले," काका म्हणायचे आणि वही मिटायचे.

या डिसेंबरात ती आली. सात वर्षांनी. काकांनी महिनाभर आधी चंद्रपूरकडे जायची जीप ठरवली होती, तिच्यासाठी टोपीसुद्धा घेतली होती. मी भेटायला गेलो तेव्हा सगळे समोरच्या खोलीत बसले होते. पोरगी उंच झालेली, गोड, माझ्याही पाया पडली. काका आत गेले आणि लोकरीच्या स्वेटरात गुंडाळलेलं ते अंडं आणून तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. नुसते तिच्या तोंडाकडे पाहत उभे.

तिने बघितलं. "आबा, हा दगड कशाला?"

"काही नाही बेटा," काका म्हणाले. "कागद उडतात ना, म्हनून."

आणि पंखा बंद असताना त्यांनी खरंच तो दगड पेपरावर ठेवला. मला तिथे बसवेना. जीपवाल्याला काकांनी दुसऱ्याच दिवशी नको म्हणून सांगितलं. पोरीला लग्नाला जायचं होतं, मग बाजारात, मग आठ दिवस संपलेच.

ती गेली त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो. ते पलंगावर बसून दगडाला पुन्हा स्वेटर गुंडाळत होते. बाह्यांची गाठ काही नीट बसत नव्हती. मी थट्टेवारी नेलं. "काका, गावचे सारे दगड चाटले. हा चाटला का कधी?"

"नाही."

"काहून?"

"नाही चिकटला तं?"

मी गाठ मारून दिली. मग धीर द्यायचा म्हणून त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. "येईल हो काका पुन्हा. सात वर्षं म्हणजे काय, कालपरवाची गोष्ट."

काकांनी स्वेटर मांडीवर घेतला.

"साडेसहा कोटी काही नाही गा," ते म्हणाले. "सात लय होतात."